‘मी काय, कुठेही पडेन’



आपल्या धर्मग्रामात सध्या बऱ्याच घरांत टेबलावर एक कागद पसरलेला दिसतो. कुणाची जुनी सोसायटी पुनर्विकासाला गेली आहे. कुणी गावठाणातले कौलारू घर उतरवून त्याच जागी भावाभावांनी मिळून बांधायचे ठरवले आहे. कुणी आयुष्यभराची पुंजी घालून दूर विरारला फ्लॅट घेतला आहे. नव्या घराचा नकाशा, त्यावर पेन्सिलीच्या खुणा, शेजारी मोजपट्टी आणि भोवती घरची सगळी मंडळी. हॉल केवढा ठेवायचा, किचन उघडे की बंद, बाल्कनी आत घ्यायची की नाही, यावर तास तास चर्चा चालते. ती चालावी. घर काही रोज बांधले जात नाही.

या चर्चेत एक वाक्य हमखास येते. बहुतेक वेळा ते घरातली आई किंवा आजी म्हणते. “माझं काय, मी कुठेही पडेन. पोरांचं आधी बघा.” ते ऐकले की सगळ्यांना हायसे वाटते. एक माणूस हिशेबातून कमी होतो आणि पेन्सिल पुढे सरकते.

आजच्या लेखात मला एवढाच प्रश्न विचारायचा आहे. त्या वाक्यावर विसंबून नकाशा काढण्याचा आपल्याला अधिकार आहे का?

प्रश्न लहान वाटेल, पण नकाशा म्हणजे काय ते आधी पाहू. नकाशा म्हणजे वाटणी. मुंबईत तर ती इंचाइंचाची वाटणी. २०१६ च्या रेरा कायद्याप्रमाणे कार्पेट एरियात घराच्या आतल्या भिंतीही मोजल्या जातात, म्हणजे दोन खोल्यांमध्ये घातलेली भिंतसुद्धा आपल्याच जागेतून जाते. हॉल दोन फूट मोठा झाला की ते दोन फूट दुसऱ्या कुठल्या तरी खोलीतून आलेले असतात. जिथे वाटणी आहे तिथे न्यायाचा प्रश्न आहे. न्याय म्हणजे ज्याचे त्याला देणे, ही व्याख्या आपल्याला ॲरिस्टॉटलच्या परंपरेतून आणि संत थॉमस अक्वायनस यांच्याकडून मिळाली आहे. ती कोर्टकचेरीपुरती नाही, ती टेबलावरच्या त्या कागदालाही लागू होते.

कुणी म्हणेल, “फादर, पूर्वी कुठे होत्या प्रत्येकाला खोल्या? सगळे एकत्र झोपायचे, आणि प्रेम जास्त होते.” यात तथ्य आहे. मरोळ, चकाला, कोंडिविटा, आंबोली या अंधेरीच्या गावठाणांतली जुनी घरे आठवा. पुढे ओटी, आत माजघर, मागे चूल, काही घरांना बाहेरून वर जाणारा लाकडी जिना. कुठल्याही खोलीवर कुणाचे नाव नव्हते. दिवसा जिथे पंगत बसायची तिथेच रात्री अंथरुणे पडायची. चाळींतही तेच. वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळी १९२० च्या दशकात बांधल्या गेल्या. १६० चौरस फुटांच्या एकेका खोलीत तिथे तीन तीन पिढ्या नांदल्या. “मी कुठेही पडेन” हे वाक्य त्या घरांत अन्यायाचे नव्हते, कारण सगळेच कुठेही पडत होते.

तरीही त्या दिवसांचे फार गोडवे गाऊ नयेत. त्या खोल्यांत नव्या सुनेला पदर नीट करायला आडोसा नव्हता. मुलांना अभ्यासाला कोपरा नव्हता. बाळंतीण, आजारी, म्हातारे सगळे एकाच छपराखाली, एकाच नजरेखाली. प्रभू येशूने डोंगरावरील प्रवचनात प्रार्थनेसाठी आपल्या खोलीत जाऊन दार लावून घ्यायला सांगितले आहे (मत्तय ६:६). दार लावून घेण्याची गरज त्याने ओळखली होती. म्हणून बीडीडी चाळींच्या पुनर्विकासात १६० च्या जागी ५०० चौरस फुटांची घरे ठरली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना किल्ल्या मिळाल्या, तेव्हा आनंदच वाटला. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेतले घरही १९९५ च्या २२५ चौरस फुटांवरून २६९ वर आणि पुढे ३०० वर आले. बंद होणारे दार ही चैन नव्हे, ती माणसाची गरज आहे.

पण इथेच गाठ बसते. पूर्वी कुणालाच दार नव्हते. आता दोन किंवा तीन दारे आहेत आणि घरात माणसे सहा. टू बीएचकेच्या नकाशात एक ‘मास्टर बेडरूम’ असते, दुसरी ‘चिल्ड्रन्स बेडरूम’. आजीची खोली असे कुठेच छापलेले नसते. तिच्या वाट्याला येतो तो हॉलमधला सोफा-कम-बेड. म्हणजे ज्यांना दार मिळाले त्यांना पुढच्या पंचवीस वर्षांसाठी मिळाले, आणि जिला नाही मिळाले तिला कायमचेच नाही. हे ठरवणारे वाक्य कोणते? तर तिनेच उच्चारलेले, “मी कुठेही पडेन.”

हॉलमध्ये झोपणे म्हणजे काय, हे धर्मगुरूला चांगले ठाऊक असते. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आम्ही आजाऱ्यांना घरोघर कम्युनियन घेऊन जातो. हॉलमध्ये झोपणाऱ्या माणसाला आपली झोपेची वेळ नसते. शेवटची मालिका संपली की त्याची रात्र सुरू होते आणि दूधवाल्याची बेल वाजली की संपते. त्याच्या वस्तूंना जागा नसते. औषधांचा डबा टीव्हीखाली, जपमाळ उशीखाली, लुगडी दुसऱ्याच्या कपाटात. आणि त्याला कन्फेशन करायचे असेल तर? घरच्यांना किचनमध्ये किंवा जिन्यावर जाऊन उभे राहावे लागते, टीव्हीचा आवाज बंद करावा लागतो. म्हातारे माणूस संकोचाने म्हणते, “राहू द्या फादर, पुढच्या वेळी.” देवाशी दोन शब्द बोलायलाही ज्याला दार नाही, त्याला आपण घरात जागा दिली असे म्हणता येईल का?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. आई जर स्वतःहून सोडत असेल तर आपण कोण नको म्हणणारे? त्याग हा ख्रिस्ती जीवनाचा गाभा नाही का?

आहे. पण त्याग कोणाचा आणि कशाचा, हे नीट पाहिले पाहिजे. माणूस जे आपले आहे तेच देऊ शकतो. माझ्या ताटातली भाकरी मी शेजाऱ्याला दिली तर ती प्रीती. मला ताटच वाढले नाही आणि मग सगळे म्हणाले, किती मोठ्या मनाचा आहे, काही मागत नाही, तर तिथे प्रीती कुठली? आईच्या नावाने नकाशात कधी खोली काढलीच नाही, तर ती कशाचा त्याग करते? ती फक्त जे होणारच आहे त्याला चांगले शब्द देते, म्हणजे मुलांच्या मनाला टोचणी लागू नये.

द्वितीय व्हॅटिकन परिषदेने प्रापंचिकांच्या प्रेषितकार्याविषयी १९६५ साली जो आदेश दिला, त्यात एक मोलाचा इशारा आहे. न्यायाने जे देणे लागते ते आधी चुकते करावे, नाहीतर जे त्याचेच आहे ते आपण दान म्हणून देऊ लागतो. याचीच दुसरी बाजू अशी की जे न्यायाने तिचे होते ते न देता, ते तिने आपल्याला दान केले असेही आपण समजू लागतो. म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी न्याय, मग प्रीती. आधी नकाशात तिची जागा काढा, ती तिला दाखवा, मोजून सांगा. “आई, ही खोली तुझी.” त्यानंतर तिने नातीला जवळ बोलावून म्हटले, “बाई, तुझं दहावीचं वर्ष, तू इथे अभ्यास कर, मी बाहेर झोपते,” तर तो खरा त्याग. तो डोळे भरून स्वीकारावा आणि परीक्षा झाली की खोली परत करावी. दुसऱ्याचा त्याग आधीच गृहीत धरून भिंती बांधता येत नाहीत.

जुन्या करारातील शूनेमच्या बाईची गोष्ट या दृष्टीने वाचावी (२ राजे ४). अलीशा संदेष्टा तिच्या दारावरून जायचा. तिने नवऱ्याला सांगून गच्चीवर त्याच्यासाठी एक छोटी खोली बांधवून घेतली. त्या खोलीत काय होते, तेही पवित्र शास्त्राने नोंदले आहे: खाट, मेज, बैठक आणि दिवा. चारच वस्तू, पण माणसाला माणूस म्हणून राहायला पुरेशा. आणि हे लक्षात घ्या की संदेष्ट्याने खोली मागितली नव्हती. तोही जिथे मिळेल तिथे पडलाच असता. तिने त्याच्या न मागण्याचा फायदा घेतला नाही. पुढे तिचा एकुलता एक मुलगा गेला, तेव्हा तिने त्याला त्याच खोलीतल्या खाटेवर नेऊन निजवले, आणि तिथेच तो पुन्हा जिवंत झाला.

संत पेत्राचे घरही पाहावे. कफर्णहूम येथे फ्रान्सिस्कन पंथीयांनी १९६८ पासून जे उत्खनन केले, त्यात पेत्राचे मानले जाणारे घर सापडले. एका सामाईक अंगणाभोवतीच्या साध्या दगडी खोल्या, आणि पाचव्या शतकात त्यावर बांधलेले अष्टकोनी चर्च. त्या घरात पेत्र होता, त्याचा भाऊ आंद्रिया होता आणि त्याची सासूही होती, असे मार्क सांगतो (मार्क १:२९-३१). ती तापाने पडली होती. घरच्यांनी येशूला लगेच तिच्याविषयी सांगितले, आणि प्रभू तिच्याजवळ जाऊन तिचा हात धरतो. घरात आलेल्या पाहुण्याला सगळ्यात आधी सांगावी अशी तिची खबर होती. आपल्या घरी पाहुणे आले की आपण काय करतो? हॉलमधले अंथरूण गुंडाळून आजीला आत बसवतो.

अनुवादाच्या पुस्तकात तर नवीन घर बांधणाऱ्यासाठी एक सरळ नियमच आहे (अनुवाद २२:८). गच्चीला कठडा घाल, म्हणजे कुणी पडून मेले तर त्याच्या रक्ताचा दोष तुझ्या घरावर येणार नाही. घराच्या शोभेविषयी तिथे अवाक्षर नाही. जो तोल जाऊन पडू शकतो त्याच्यापासून विचार सुरू कर, असे देव सांगतो. आज आपल्या गच्च्यांना कठडे असतात. आपली माणसे पडतात ती बाथरूममध्ये. त्यामुळे त्या नियमाचा आजचा अर्थ काढणे अवघड नाही. बाथरूमच्या दारात उंबरा नको. फरशी खरखरीत हवी. कमोडच्या बाजूला धरायला भक्कम दांडा हवा. व्हीलचेअर आत जायची तर दार मोकळे तीन फूट हवे. आणि म्हाताऱ्या माणसाच्या खाटेपासून बाथरूमपर्यंत रात्री किती पावले पडतात, ते नकाशावर मोजून पाहावे. नकाशात हे बदलायला एक खोडरबर लागते. भिंत उभी राहिल्यावर फोडाफोडी करावी लागते, आणि खुब्याचे हाड मोडल्यावर ऑपरेशन.

आतापर्यंत मी आईविषयी बोललो, पण “कुठेही पडेन” म्हणणारी घरात आणखीही माणसे असतात. लग्न न झालेली आत्या असते. कामाच्या पाळ्या करणारा धाकटा भाऊ असतो. आणि स्वयंपाकघरात दिवस घालवणारी सून असते, ती तर काही म्हणतही नाही. मार्गारेटे श्युट्टे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन बाईंनी १९२६ साली जर्मनीतल्या फ्रँकफुर्ट शहराच्या नव्या वसाहतींसाठी एक स्वयंपाकघर आखले. रुंदी सुमारे १.९ मीटर, लांबी ३.४ मीटर. बायकांची पावले वाचावीत, श्रम कमी व्हावेत, हा त्यांचा हेतू प्रामाणिक होता, आणि तशी सुमारे १०,००० स्वयंपाकघरे झाली. पुढे अनेक स्त्रियांनीच त्यावर बोट ठेवले: एवढ्या जागेत एकच माणूस उभा राहू शकतो, म्हणजे मदतीला दुसरे कुणी येणार नाही आणि बाई भिंतीकडे तोंड करून एकटी पडणार. आपल्या फ्लॅटमधले किचन आखताना हा प्रश्न विचारावा. इथे दोघांना उभे राहता येईल का? नवऱ्याला किंवा मुलाला “जागाच नाही” ही सबब नकाशाच पुरवत नाही ना?

घरात धुणीभांडी करायला येणारी बाई तर या चर्चेला हजरच नसते. ती सकाळपासून चार घरे करते. तिने शौचाला कुठे जायचे, हा प्रश्न आपल्या नकाशाने सोडवला आहे की तिच्यावरच टाकला आहे? यहोयाकीम राजाने खिडक्यांचा, देवदारूचा, रंगवलेला मोठा महाल बांधला, पण काम करणाऱ्यांना मजुरी दिली नाही. त्यावर यिर्मया संदेष्टा किती कडक बोलला, ते त्याच्या बाविसाव्या अध्यायात वाचा.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी घराचा नकाशा कसा वाचावा हे दाखवून दिले. मार्च २०१३ मध्ये निवड झाल्यावर परंपरेप्रमाणे त्यांनी प्रेषितीय राजवाड्यातल्या निवासात राहायला जायला हवे होते. ते सांता मार्ता या अतिथिगृहातच राहिले. त्याच वर्षी एका मुलाखतीत त्यांनी कारण सांगितले. तो निवास चैनीचा नाही, पण उलट्या नरसाळ्यासारखा आहे, आत ऐसपैस आणि प्रवेश अरुंद, त्यामुळे माणसे थेंबाथेंबानेच आत येऊ शकतात, आणि माणसांशिवाय आपल्याला राहता येत नाही. किती चौरस फूट यापेक्षा माणूस आत येऊ शकतो का, यावर त्यांनी घर जोखले. याच पोपनी २०२१ पासून जुलैचा चौथा रविवार आजीआजोबा आणि वयोवृद्धांचा जागतिक दिवस म्हणून ठरवून दिला. त्या रविवारी आपण आजीआजोबांना चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसवतो. घरी गेल्यावर त्यांना कुठे बसवतो, हाही त्याच उपासनेचा भाग आहे.

काही कुटुंबे नकाशा आधी वास्तू बघणाऱ्याकडे नेतात. वारा, ऊन आणि पावसाची झड कुठून येते याचा विचार शहाणपणाचाच आहे. पण खाट चुकीच्या दिशेला पडली तर संकट येईल या भीतीला ख्रिस्ती माणसाच्या घरात जागा नको. आठही दिशांना विचारायचे आणि घरच्या आईला विचारायचे राहून जायचे, हे तर नकोच नको.

मला ठाऊक आहे, इतके सगळे ऐकून कुणी म्हणेल, “फादर, जागा मुळात चारशे फूट. खोल्या काय हवेत काढायच्या?” अडचण खरी आहे. खोली देणे सगळ्यांना जमणार नाही, आणि देव न जमणारे मागत नाही. पण खोली आणि जागा यांत फरक आहे. दादरचे आपले पोर्तुगीज चर्च १९७० च्या दशकात ज्यांनी नव्याने आखले, त्या चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात नवी मुंबईत बेलापूरला एक वसाहत केली. सात सात घरे एका अंगणाभोवती, श्रीमंत आणि गरीब यांच्या भूखंडांच्या आकारात फारसा फरक नाही, आणि कुटुंब वाढेल तसे घर वाढवता यावे अशी सोय. फ्लॅट वाढत नाही, पण त्यातली ही बुद्धी आपल्याला घेता येते. माणसे बदलतात, म्हणून घरही बदलू शकले पाहिजे. हॉलच्या एका टोकाला सरकते दार किंवा नुसता जाड पडदा, आत खाट, डोक्याशी दिवा, हाताशी कुलूप लागणारे छोटे कपाट. शूनेमच्या बाईच्या यादीपेक्षा हे फार वेगळे नाही. पडदा सरकवण्याचा हक्क मात्र आत झोपणाऱ्याचा.

आणि जिथे तेही शक्य नाही, तिथे निदान खरे बोलावे. “आई, जागा कमी आहे, तुझी गैरसोय होणार आहे, ती आम्हाला कळते. दोन वर्षे तू बाहेर झोप, मग आम्ही झोपू.” गैरसोय आळीपाळीने वाटून घेता येते. “तिला चालतं हो” असे म्हणणे सोडले तरी अर्धा न्याय झाला.

संत लूक सांगतो की प्रभूच्या जन्माच्या वेळी त्यांना उतरायला जागा नव्हती. त्या जागेसाठी त्याने वापरलेला ग्रीक शब्द ‘काटाल्युमा’ त्याच्या शुभवर्तमानात आणखी एकदाच येतो, शेवटच्या भोजनाच्या वेळी, येशू आपल्या शिष्यांसह जेवायला खोली मागतो तेव्हा (लूक २:७, २२:११). जन्मताना जी मिळाली नाही ती जागा कुणा अनाम घरमालकाने त्याला अखेरच्या रात्री दिली. तिथेच आपल्याला पवित्र मिस्सा मिळाली. त्या माणसाने नकाशात एक खोली जास्त काढली होती, एवढेच त्याच्याविषयी आपण जाणतो.

म्हणून या आठवड्यात ज्यांच्या टेबलावर नकाशा आहे, त्यांनी एक करावे. सगळ्यांनी एकत्र बसावे, छोटी प्रार्थना करावी, आणि घरातल्या प्रत्येक माणसाचे नाव पेन्सिलीने त्या नकाशावर लिहावे: हा रात्री इथे झोपेल, इथे त्याचे कपाट, इथे तो दार किंवा पडदा लावून प्रार्थना करील. सुरुवात मास्टर बेडरूमपासून करू नये. ज्याला जुळवून घेणे सगळ्यात कठीण, त्याच्या नावापासून करावी. ज्याचे नाव लिहायला जागा सापडत नाही, त्याच्यासाठी नकाशा पुन्हा काढावा. फी थोडी वाढेल. घराला आशीर्वाद द्यायला मी आनंदाने येईन, खोल्याखोल्यांतून पवित्र पाणी शिंपडीन, आणि प्रत्येक खाटेपाशी थांबून ती कुणाची आहे ते विचारीन.

परमेश्वर तुमचे घर बांधो आणि त्यात राहणाऱ्या प्रत्येकाला त्याची जागा देवो.

तुमचा,
प्रमुख धर्मगुरू